मोठ्या दोरांचा डावा पीळ

कॅप्टन आयुष्यात एकदाच बोटीत बसले, तेही पलीकडच्या काठावर एका लग्नाला जाण्यासाठी, आणि त्या अर्ध्या तासात कठड्याला धरून त्यांनी जे काही केलं ते इथे सांगण्यासारखं नाही. नोकरीभर ते परिवहन कार्यालयात गाड्यांचे ब्रेक तपासत होते. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी त्यांना एका जुन्या जहाजाच्या प्रतिकृतीचं खोकं भेट दिलं. त्यातल्या लाकडी पट्ट्या जोडता जोडता ते गावातल्या जहाज-प्रतिकृती मंडळात जाऊ लागले आणि दोन वर्षांत कॅप्टन झाले. माणसाला पदवी मिळायला लागतं काय, एक दाढी आणि चार ऐकणारे.

गोष्ट मात्र त्यांच्या बायकोची आहे, आणि ती सांगताना सांगणाऱ्याचं डोकं तापलं तर वाचणाऱ्याने तेवढं चालवून घ्यावं.

मंडळात तिला सगळे वहिनी म्हणतात. वहिनी म्हणजे कॅप्टनांची बायको, त्यापलीकडे काही विचारायची गरज अकरा वर्षांत कुणाला पडली नाही. पण त्याआधी बावीस वर्षं ती सूतगिरणीत होती, दोऱ्याला पीळ देण्याच्या खात्यात, आणि तिथे तिला पीळवाल्या बाई म्हणत. हे नाव तिने कमावलेलं होतं, म्हणून आपणही तिला बाईच म्हणू. बाई डोळे मिटून दोरा अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवायच्या आणि सांगायच्या, हा उजव्या पिळाचा, हा डाव्या पिळाचा, आणि हा कुणीतरी झोपेत काढलाय. साहेब लोक मोजायचं उपकरण घेऊन यायचे. उपकरण बाईंशी सहमत व्हायचं.

गिरणीत एक पद्धत होती. प्रत्येक रिळाच्या पोटात, दोरा गुंडाळायच्या आधी, ज्याने तो काढला त्याच्या नावाची चिठ्ठी घालायची. रीळ बाजारात जायचं, संपायचं, फेकलं जायचं. चिठ्ठी कधी कुणी काढून वाचायचं नाही. दोरा तुटला आणि तक्रार आली, तरच चिठ्ठी बाहेर यायची. चांगल्या दोऱ्याच्या पोटातली चिठ्ठी उघडायला कुणाला वेळ असतो? बाईंना याचा कधी राग आला नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा होता आणि साहेबांच्या बायकोच्या नावाने कुणी रीळ विकत नव्हतं.

जहाजांच्या खोक्यात सगळं येतं. जहाजाचा कणा, त्याच्या बरगड्या, अंगावर बसवायच्या पट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्या तोफा, आणि डोलकाठ्यांना बांधायचा दोरा. पहिल्या खोक्यातला तो दोरा बाईंनी हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "हा दोर आहे की मांजराची शेपटी?" त्यावर सगळीकडे लव उठलेली होती. कॅप्टन म्हणाले, "एवढं कोण बघतंय?" बाई म्हणाल्या, "मी बघतेय."

त्यांनी मोडक्या हातड्रिलची दातेरी चाकं घेतली, तीन आकडे घेतले, आणि लाकडाच्या ठोकळ्यावर दोर वळायचं यंत्र बनवलं. ते जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला घट्ट बसवायचं. तीन धागे तीन आकड्यांना अडकवायचे आणि त्यांची दुसरी टोकं टेबलावरून ओढून पलीकडे एका जड, सुट्या कुलपाला बांधायची. मूठ फिरवली की धाग्यांना पीळ बसतो, ते आखूड होतात आणि कुलूप हळूहळू पुढे सरकतं. किती सरकलं की थांबायचं, हे बाईंना कळतं. त्यानंतर तिन्ही धागे एकमेकांभोवती उलट्या दिशेने वळू द्यायचे, म्हणजे दोर होतो आणि तो सुटत नाही. मग मेण, मग सावलीत वाळवणं. दोर वळायचा चालू असेल तेव्हा घरात जेवायला बसता येत नसे. कॅप्टन ताट मांडीवर घेऊन जेवायचे आणि हा आपला केवढा मोठा त्याग आहे, असं मंडळात सांगायचे.

पहिल्या आठ वर्षांत नऊ जहाजं झाली. न्यायाने बोलायचं तर कॅप्टनांचं लाकडाचं काम चांगलं होतं. पट्टी पट्टीला अशी बसवायचे की मध्ये नख जाऊ नये. पण लाकूड संपलं की त्यांचं काम संपायचं. त्यानंतरचे सहा-सात महिने बाईंचे. ताणलेले दोर, त्यांवर चढायच्या बारीक दोरशिड्या, प्रत्येक पायरीला गाठी, एका जहाजावर हजारो गाठी, चिमट्याने घातलेल्या आणि पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने बसवलेल्या. प्रदर्शनात लोक यायचे, वाकून बघायचे आणि पहिल्यांदा दोरांनाच बोट दाखवायचे. खाली कार्डावर लिहिलेलं असायचं, निर्मिती, आणि पुढे कॅप्टनांचं नाव. याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. पण नागोबा निदान बिळाच्या आत बसतो, बाहेर उभा राहून बीळ कसं खणलं याची माहिती देत नाही.

लेकीने एकदा विचारलंही होतं. ती दुसऱ्या गावी रुग्णालयात परिचारिका आहे, स्पष्ट बोलणारी. "आई, कार्डावर तुझं नाव का नसतं?" बाई म्हणाल्या, "अगं, घरचंच तर आहे." तेव्हा त्यांना तसं खरंच वाटत होतं.

दहावं जहाज सगळ्यांत मोठं. तीन डोलकाठ्यांच्या जुन्या युद्धनौकेचं मॉडेल, खोकं एवढं मोठं की ते पलंगाखाली ठेवावं लागलं. त्याला तीन वर्षं लागली, त्यातलं सव्वा वर्ष दोरांचं. खोक्यातल्या कागदावर दोर किती जाड हवा ते होतं, पीळ कुठल्या बाजूचा याचा उल्लेखच नव्हता. बाई विचारात पडल्या. बाकीचे दोर उजव्या पिळाचे, ते ठीक. पण नांगराचा दोर आणि डोलकाठ्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोर खऱ्या जहाजावर मांडीएवढे जाड असणार. एवढा जाड दोर एकदम वळता येत नाही. तीन तयार दोर एकत्र घेऊन वळावा लागतो. आणि तीन उजवे दोर एकत्र वळायचे तर मोठ्याला डावाच पीळ द्यायला हवा, नाही तर सगळं उलगडतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, बोटांना माहीत होतं. तरी खात्री म्हणून त्यांनी ग्रंथालयातून दोरांच्या जुन्या कारखान्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातल्या चित्रात नेमकं तेच निघालं.

त्यांनी कॅप्टनांना सांगितलं, "अहो, मोठे दोर डाव्या पिळाचे करतेय. बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसतील."

कॅप्टन पट्टी घासत होते. मान वर न करता म्हणाले, "हं. कर तुला हवं तसं."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रदर्शन ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. परीक्षक होते ड्रॉइंग मास्तर. शाळेत चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस, खिशात भिंग, पट्टी आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली. खडूस, पण कुणाचा मिंधा नाही. ते जहाजाभोवती पाऊण तास फिरले. लाकडाला त्यांनी मान डोलावली. मग भिंग दोरांवर धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कॅप्टन, हा पीळ उलटा आहे. जुन्या जहाजांवर दोर उजव्या पिळाचे असत. तुमचे बारीक दोर बरोबर आहेत, आणि नेमके मोठे, डोळ्यांत भरणारे, ते डावे."

कॅप्टनांनी वाकून पाहिल्यासारखं केलं. उजवा-डावा त्यांना दिसला असेल असं वाटत नाही. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "दोर हिने केलेत."

बाई दोन पावलांवर उभ्या होत्या, जहाजावर घालायची चादर घडी करून हातात घेतलेली.

"ही डावखुरी आहे ना," कॅप्टन हसून म्हणाले, "त्यामुळे झालं असेल उलटं."

बावीस वर्षं पिळाचं काम केलेल्या बाईला डाव्या हातामुळे पीळ उलटा पडतो. स्वयंपाकही मग उलटा होत असेल, आणि कॅप्टन तो जन्मभर मुकाट्याने जेवत आलेत. बाई म्हणाल्या, "मास्तर, तो मुद्दाम..." तेवढ्यात कॅप्टनांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "अगं, राहू दे. मास्तरांना कळतं."

मास्तरांच्या कागदावर त्रुटी असा एक रकाना होता. मास्तर काटेकोर माणूस, चूक ज्याची त्याच्या नावावर. त्यांनी विचारलं, "वहिनींचं पूर्ण नाव काय?" कॅप्टनांनी सांगितलं, अगदी अक्षर न् अक्षर सुटं करून. मास्तरांनी सुबक अक्षरात लिहिलं: दोरकाम, पुढे बाईंचं नाव, आणि त्यापुढे, पीळ उलटा.

अकरा वर्षांत बाईंचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते असं. जहाजाला दुसरा क्रमांक मिळाला. घरी येताना कॅप्टन रस्ताभर मोठ्या मनाने सांगत होते की मी तुला दोष देत नाही.

बाईंना गिरणीतली चिठ्ठी आठवत होती.

आठवड्याने मास्तर घरी आले. दार उघडल्या उघडल्या म्हणाले, "कॅप्टन, मी चुकलो." त्यांना त्या पिळाने झोप लागू दिली नव्हती. त्यांनी ग्रंथालयातलं तेच जाडजूड पुस्तक काढून वाचलं होतं. मोठे दोर डावेच असत. प्रतिकृतीत हे इतकं बरोबर केलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. पहिला क्रमांक आता याच जहाजाला, आणि त्याशिवाय ग्रंथालयाने खालच्या दालनातल्या काचेच्या कपाटात ते कायमचं ठेवायचं ठरवलं होतं. चूक कबूल करायला आपल्या पायांनी चालत येणारी माणसं किती असतात? मास्तरांबद्दल बाईंच्या मनात त्या क्षणी आदरच होता.

बाई खिडकीपाशी बसून डब्यात सुया लावत होत्या. त्यांनी मान वर केली आणि कॅप्टनांकडे पाहिलं. आता ते वाक्य येणार, असं त्यांना वाटलं. तेच, हॉलमधलं, दोर कुणी केले ते सांगणारं.

कॅप्टन खुर्चीत मागे टेकले. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मास्तर, तेव्हा म्हटलं वाद कशाला घालायचा. पण ऐतिहासिक अचूकतेसाठी मोठ्या दोरांना डावा पीळच हवा, हे मी आधीच ठरवलं होतं."

माणसाने खोटं बोलावं, पण बायको समोर बसलेली असताना, तिच्याच हातच्या कामाचं? आणि "कर तुला हवं तसं" म्हणणाऱ्या या माणसाचा बोलताना आवाजही बदलला नाही. बहुधा त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं, आणि हे खोटेपणापेक्षा वाईट.

मास्तरांनी कौतुकाने मान हलवली. मग पिशवीतून तो परीक्षणाचा कागद काढला, टेबलावर सपाट केला, पट्टी लावली आणि त्रुटीच्या रकान्यातली ओळ एका सरळ रेघेने खोडली. चूक खोडली, आणि त्या ओळीत होतं म्हणून बाईंचं नावही खोडलं गेलं. मास्तरांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते पट्टी लावून खोडत होते, एवढंच.

"कपाटाला कार्ड हवं," मास्तर म्हणाले. "काय लिहू?"

"संपूर्ण निर्मिती," कॅप्टन म्हणाले, आणि आपलं नाव सांगितलं. नुसतं निर्मिती आता पुरत नव्हतं. पुढच्या रविवारी जहाज न्यायचं ठरलं.

संध्याकाळी बाईंनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "जाऊ दे ना, आई. बाबा तसेच आहेत."

"तसेच म्हणजे कसे?"

"तसेच म्हणजे तसेच. सोड ना आता."

"बघ," बाई म्हणाल्या, "तूसुद्धा म्हणतेस जाऊ दे. काय जाऊ देऊ? सव्वा वर्ष? माझी चूक असती तर ती माझी राहिली असती. जन्मभर सगळ्यांनी सांगितली असती, डावखुऱ्या वहिनींची गंमत म्हणून. चूक नाही निघाली, तर ते त्यांचं. म्हणजे मी जहाजावर फक्त चुकण्यापुरती आहे."

"मग काय करणार आहेस?"

"जे माझं नाही त्याला हात लावणार नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कॅप्टन दुपारी मंडळात जायला लागले, कपाटाची उंची, दिव्याची जागा, उद्घाटनाचं भाषण वगैरे ठरवायला. ते गेले की बाई जहाजावरची चादर काढायच्या. कात्री त्यांनी एकदाही हातात घेतली नाही. कुंचल्याने गाठीवर पाण्याचा थेंब सोडायचा, गोंद मऊ होईपर्यंत थांबायचं, मग दोन चिमट्यांनी गाठ सोडवायची. दोरशिड्या आधी, मग ताणाचे दोर, मग शिडांचे, शेवटी नांगराचा. बांधताना जे डोळे दुखले नव्हते ते सोडवताना दुखले. मधल्या डोलकाठीचा पहिला मोठा दोर हातात आला तेव्हा बाईंनी तो नेहमीसारखा अंगठ्यात आणि तर्जनीत फिरवून पाहिला. पीळ इतका सारखा होता की त्यांना रडू आलं. डोळे पुसून त्यांनी तो रिळावर गुंडाळला.

प्रत्येक रिळावर कुठला दोर, कुठली बाजू, कितवा, हे लिहिलं. आणि गुंडाळायच्या आधी प्रत्येक रिळाच्या पोटात एक चिठ्ठी घातली.

कॅप्टन घरी यायच्या आत चादर परत अंथरलेली असायची. सहा दिवस जहाज त्याच खोलीत, त्यांच्या ताटापासून हातभर अंतरावर होतं. सहा दिवसांत त्यांनी एकदाही चादर उचलून पाहिलं नाही. भाषण मात्र आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं.

रविवारी सकाळी दहाला मास्तर आले. कार्ड लिहून आणलं होतं, सुरेख वळणदार अक्षरात. कॅप्टनांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी चादरीची दोन टोकं धरली आणि झटक्यात ओढली.

जहाजावर तीन काठ्या उभ्या होत्या. मधली थोडी कललेली, कारण तिला धरून ठेवणारं आता काही नव्हतं.

"दोर कुठे गेले?" मास्तरांनी विचारलं.

"काय केलंस हे?" कॅप्टन बाईंना म्हणाले.

"माझे होते ते काढून घेतले," बाई म्हणाल्या. त्यांनी शिवणाचा मोठा डबा टेबलावर ठेवला आणि उघडला. आत रिळं ओळीने लावलेली. "तुमच्या लाकडाला ओरखडासुद्धा नाही. बघून घ्या."

मास्तरांनी एक रीळ उचललं, भिंग लावून पिळाकडे पाहिलं. मग त्यांना पोकळीत कागदाचं टोक दिसलं. पेन्सिलीच्या अणीने त्यांनी चिठ्ठी ओढून काढली आणि वाचली. दुसऱ्या रिळातली काढली. तिसऱ्यातली काढायला गेले आणि थांबले.

"वहिनी, हे नाव मी खोडलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"पट्टी लावून," बाई म्हणाल्या.

कॅप्टन हसले. हसण्यावारी न्यायची त्यांना सवय होती. "मास्तर, मनावर घेऊ नका. ही जरा रागावलीय. आठवडाभरात सगळं होतं तसं लावून देतो."

"लावा ना," बाई म्हणाल्या. "संपूर्ण निर्मिती तुमची आहे. माझे दोर मात्र त्यात नकोत, तुमचे तुम्ही वळा. यंत्र ठेवलंय, घ्या."

दोर वळायचं यंत्र सकाळीच टेबलाला बसवलेलं होतं. तिन्ही आकड्यांना खोक्यात आलेले तीन उजवे दोर अडकवलेले, पलीकडे कुलूप. मोठा दोर वळायची सगळी तयारी करून ठेवलेली, फक्त मूठ फिरवायची बाकी. मास्तर स्टुलावर बसले आणि वाट पाहू लागले, वर्गात मुलाला फळ्यापाशी उभं करून पाहतात तसे.

कॅप्टनांना आता मागे फिरता येईना. त्यांनी बाह्या सावरल्या, मूठ धरली आणि फिरवली. दोन-चार वेढ्यांत तिन्ही दोर फुलून उलगडायला लागले. ते थांबले. उलट फिरवावं की नाही, त्यांना ठरवता येईना. शेवटी मान न वळवता त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवायचं?"

"ऐतिहासिक अचूकतेसाठी तुम्ही जी बाजू आधीच ठरवली होती," बाई म्हणाल्या, "त्या बाजूला."

मास्तर उठले. त्यांनी आणलेलं कार्ड परत पिशवीत घातलं, बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले की कार्डावर काय लिहायचं ते दोघांनी मिळून कळवावं, कपाट तोवर रिकामं राहील.

याला आता तीन महिने झाले. जहाज अजून जेवणाच्या टेबलाशेजारी आहे, चादर न घालता. रिळं डब्यात आहेत. कॅप्टन मंडळात सांगतात की दुरुस्ती चालू आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा माणूस. बाई रोज दोन वेळा त्यांना जेवायला वाढतात, विचारलं तर बोलतात, आणि थांबल्या आहेत. त्यांना कार्ड नको, माफी नको, भाषण तर नकोच. त्यांना कॅप्टनांच्या तोंडून मास्तरांसमोर तीन शब्दांचं एकच वाक्य हवं आहे, दोर हिने केलेत. नवीन काही शिकायचं नाही. चूक निघाली होती त्या दिवशी, भरल्या हॉलमध्ये, ते कॅप्टनांना कुणी न विचारता म्हणता आलं होतं.